जुनी घडण, नवे काडतूस



कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस वसंत व्याख्यानमालेत बंदुकीच्या इतिहासावर बोलायला उभा राहतो, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही बंदूक कधी चालवलेली नाही आणि चालवण्याची हौसही नाही. हे सानपाडा ज्या भूमीवर वसले आहे, तिच्या भूमिपुत्रांना तर बंदूक म्हटली की जानेवारी १९८४ आठवतो. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी उठले, १६ आणि १७ तारखेला पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाचजण हुतात्मा झाले. त्यामुळे बंदुकीचे कौतुक करायला आम्ही येथे आलेलो नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

आमची आणि या विषयाची गाठ पडली ती तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या दारात. टाळेबंदी चालू होती. दारात मंडप, मंडपात आम्ही, आणि समोर बंदोबस्ताचे पोलीस. असे आठ-दहा दिवस समोरासमोर बसले की दोन्ही बाजूंना एकमेकांचा कंटाळा येतो आणि मग बोलणे सुरू होते. एका वयस्क हवालदारांच्या खांद्याला लाकडी दस्त्याची जुनी रायफल होती. आम्ही सहज म्हटले, "काय हवालदारसाहेब, अजून थ्री नॉट थ्रीच का?"

"नाही हो, भाऊ," ते म्हणाले, "दिसते तशी. ही सेव्हन सिक्स टू आहे. ही पेटी बघा, चौकोनी. थ्री नॉट थ्रीची तिरकी असते."

आम्ही पाहिले. नळीचे तोंड तसेच बोथट, बोल्टची मूठ तशीच, लाकूड तसेच. फरक काय तो चापाच्या पुढे लोंबणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत. बंदूक जुनी आणि काडतूस नवे, हे कसे जमले? जुन्या बंदुकीला नवे, जोरकस काडतूस सोसवले कसे? हा प्रश्न त्या मंडपात डोक्यात शिरला तो काही केल्या बाहेर पडेना. पुढे जिथे ग्रंथालय मिळाले तिथे वाचले, आणि जिथे ऑर्डनन्स कारखान्यातला निवृत्त फिटर भेटला तिथे त्याला छळले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण बंदुकीच्या इतिहासात मालक काडतूस असते आणि बंदूक त्याची चाकर. पितळेची एक पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगीची टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की दारू पेटते, तिचा वायू होतो आणि त्या वायूचा दाब गोळीला पुढे लोटतो. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात उरकते. दाब किती? आपल्या घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब असतो. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसात तो सुमारे ३७०० किलो असतो, आणि ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसात सुमारे ४२०० किलो. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीने ठरवलेल्या या कमाल मर्यादा आहेत. म्हणजे नवे काडतूस जुन्याहून साधारण चौदा टक्के अधिक दाबाचे. पुंगळीच्या बुडाचे क्षेत्रफळ लहानशा नाण्याएवढे, पण त्यावर चार टनांच्या आसपास धक्का बसतो, आणि तो धक्का मागे बोल्टवर येतो. बोल्टच्या मागे काय असते? नेम धरणाऱ्या माणसाचा डोळा.

ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सारा इतिहास उलगडतो.

जुनी बंदूक नव्या काडतुसाला जुळवून घेण्याचा उद्योग साहेबाने फार जुन्या काळापासून केला. १८५३ सालची एन्फील्ड बंदूक तोंडाने भरायची होती. तिची कागदी काडतुसे दातांनी फाडावी लागत, त्यांना लावलेल्या चरबीची वार्ता १८५७च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे उठली, आणि मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उगारले, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्याच बंदुकीचे पुढे काय झाले हे शाळेत सांगत नाहीत. १८६६ साली तिची नळी मागच्या बाजूला कापून तिथे बिजागरीचे झाकण बसवण्यात आले आणि पितळी बुडाचे काडतूस मागून भरण्याची सोय झाली. तिला स्नायडर म्हणत. नवी बंदूक करण्याचा खर्च वाचला, आणि काळी दारू सौम्य असल्याने जुन्या लोखंडाने ते सोसले.

पुढे जेम्स पॅरिस ली नावाचा एक गृहस्थ निघाला. जन्म स्कॉटलंडचा, बालपण कॅनडात, कर्तृत्व अमेरिकेत, आणि मूळ शिक्षण घड्याळजीचे. त्याने बोल्ट आणि सुटी होणारी गोळ्यांची पेटी यांची अशी जोडी जमवली की ब्रिटिश सैन्याने १८८८ साली ती स्वीकारली. नळीच्या आत गोळीला गिरकी देणारे उथळ, गोलसर खाचे मेटफर्ड या इंजिनिअरचे, म्हणून तिचे नाव ली-मेटफर्ड. आणि काडतूस .३०३ इंचाचे. हेच आपले थ्री नॉट थ्री. गंमत अशी की ही बंदूकसुद्धा आरंभी काळ्या दारूसाठी बनवली होती. दोन-तीन वर्षांत कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली. तिचा दाब अधिक, आच भयंकर. मेटफर्डचे उथळ खाचे त्या आचेने पाहता पाहता झिजून जाऊ लागले. तेव्हा १८९५ साली नळी बदलली, खाचे खोल आणि चौकोनी केले. बोल्ट लीचा, नळी एन्फील्डच्या कारखान्याची, म्हणून ली-एन्फील्ड. श्रोतेहो, जिला आपण जुनी बंदूक म्हणतो ती जन्मतःच एका नव्या दारूशी जुळवून घेतलेली होती. १९०३ साली ती आखूड झाली, १९०७ साली तिला तिसऱ्या आवृत्तीचे रूप आले, आणि तेच रूप पुढे दोन महायुद्धे व आपल्या देशात जवळजवळ शतकभर टिकले.

आता ही बंदूक हिंदी माणसाच्या हातात कशी आली ते पाहा. १८५७नंतर साहेबाने एक नियमच करून टाकला : गोऱ्या शिपायाच्या हातात जे शस्त्र, त्याच्या मागच्या पिढीचे हिंदी शिपायाच्या हातात. उठावानंतर हिंदी पलटणींना मुद्दाम खाचे नसलेल्या नळ्यांच्या बंदुका दिल्या. १८८०च्या मैवंदच्या लढाईत गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री होती, हिंदी शिपायांकडे स्नायडर. गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदी शिपायांना मार्टिनी मिळाली. जुने कपडे मोलकरणीच्या मुलाला द्यावेत तसा हा प्रकार. पोलिसांच्या बाबतीत तर याहून पुढची पायरी गाठली गेली. इशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्रीच्या रायफलीच्या नळीतील खाचे काढून, तिला एका वेळी एकच काडतूस घेणारी करून .४१० बोअरची मस्केट बनवत. तीही काडतुसाशी केलेली जुळवाजुळवच, पण उलट दिशेची. शस्त्र द्यायचे, पण त्यातला जोर काढून घ्यायचा. साहेब गेल्यावरही ही मस्केट कित्येक दशके आपल्या शिपायांच्या खांद्यावर राहिली, याला काय म्हणावे?

आणि पूर्ण जोराची थ्री नॉट थ्री कुठे चालली, तेही सांगितले पाहिजे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. हा आकडा खुद्द डायरच्या साक्षीतला आहे.

इशापूर हे बंगालमध्ये हुगळीच्या काठी, त्याच बराकपूरच्या शेजारी. तिथे दारूचा कारखाना अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होता आणि १९०४ साली रायफलीचा कारखाना उभा राहिला. विलायतेने दुसऱ्या महायुद्धात चौथ्या क्रमांकाची, अधिक भक्कम ली-एन्फील्ड काढली, पण इशापूर आपल्या पहिल्या क्रमांकाच्या जुन्या आवृत्तीवरच राहिले. कारण उघड आहे. एका रायफलीचा नमुना बदलायचा म्हणजे नुसता नकाशा बदलायचा नसतो. शेकडो गेज, जिग, फिक्स्चर, कापायची हत्यारे आणि ती चालवणारे हात बदलावे लागतात. भर युद्धात हे कोण करील? ज्याने एकाच मिलिंग मशीनवर दहा वर्षे काढली आहेत त्याला विचारा, म्हणजे तो सांगेल. स्वातंत्र्यानंतर राजाची आद्याक्षरे आणि मुकुट जाऊन बंदुकीवर 'आर.एफ.आय.' ही कारखान्याची अक्षरे तेवढी राहिली. घडण तीच.

मग १९६२ उजाडले. चिनी सैनिकांच्या हाती आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या. आपल्या बहुसंख्य जवानांच्या हाती होती ती थ्री नॉट थ्री, जिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागेपुढे करावा लागतो. बर्फात, हातमोज्यांशिवाय. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांच्या कुमाऊँ कंपनीतील शंभराहून अधिक जवान जागच्या जागी पडले. त्यांच्या शौर्यावर व्याख्याने पुष्कळ होतात आणि व्हावीतही. आम्हांला मात्र त्यांच्या हातांतल्या हत्याराविषयी विचारावेसे वाटते, कारण कामगाराला चांगले हत्यार न देता त्याच्या जिद्दीची तारीफ करणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. सैन्याला आपोआप भरणारी ७.६२ ची रायफल द्यायची हे ठरलेच होते. नाटो राष्ट्रांनी १९५४च्या सुमारास हे काडतूस प्रमाण मानले होते आणि आपणही ते घेतले. पुण्यात खडकीला १९५८ साली स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेचा या नव्या रायफलीच्या घडणीत मोठा वाटा होता. परंतु लाखो रायफली एका रात्रीत होत नाहीत. पहिल्या फळीला नवी रायफल मिळेपर्यंत मागच्या फळीने काय वापरायचे? आणि मागच्या फळीकडे थ्री नॉट थ्री ठेवली तर दोन प्रकारची काडतुसे बनवा, साठवा, डोंगरावर वाहून न्या. आणि ऐन वेळी चुकीची पेटी हाती आली की सारेच संपले. म्हणून तोडगा निघाला : जुन्या घडणीची बोल्ट-रायफलच नव्या काडतुसासाठी बनवायची. १९६३ साली ती राखीव शस्त्र म्हणून स्वीकारण्यात आली. नाव '२ए'. जगातील कोणत्याही सैन्याने सर्वसाधारण वापरासाठी स्वीकारलेली ही शेवटची बोल्ट-रायफल, असे या विषयाचे जाणकार सांगतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण आम्हीही तोच बाळगून होतो. पुष्कळांना वाटते की कोठारातल्या जुन्या थ्री नॉट थ्री काढल्या, नळ्या बदलल्या आणि झाली सेव्हन सिक्स टू. तसे झाले नाही. २ए ही संपूर्ण नवी घडवलेली रायफल आहे. आकार जुना, पोलाद नवे. जुन्या रायफलींना हात लावला नाही, आणि का लावला नाही यातच सारे मर्म आहे.

लीच्या बोल्टची एक खोड आहे. बोल्टला धक्का सोसण्यासाठी जे दोन खुंट असतात, ते जर्मन माउझरमध्ये बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतुसाला लागूनच असतात. लीच्या रायफलीत ते मागे असतात. त्यामुळे बोल्ट चटकन उघडतो आणि कसलेला शिपाई भराभर गोळ्या झाडू शकतो. पण गोळी सुटताना धक्का थेट खुंटांवर न येता बोल्टच्या सगळ्या लांबीतून मागे जातो. बोल्ट केसभर दबतो, त्याला धरणारा पोलादी सांगाडा केसभर ताणला जातो, आणि मग दोन्ही पूर्ववत होतात. पोलादात लवचीकपणा असतो तोवर हे चालते. म्हणूनच इस्रायलने जुन्या माउझरना ७.६२ च्या नळ्या बसवल्या तेव्हा त्यांचे फारसे अडले नाही, आणि विलायतेनेही १९७० साली ७.६२ ची नेमबाज रायफल केली ती चौथ्या क्रमांकाच्या भक्कम सांगाड्यावर. आपल्याकडे होता तो पहिला क्रमांक, सर्वांत हलका आणि जुना.

कोणी म्हणेल, नुसता चौदा टक्क्यांचा फरक, त्याचा एवढा बाऊ कशाला? बंदूक कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी तिच्यात एक मुद्दाम जादा भरलेले काडतूस झाडून पाहतात. नेहमीच्या कमाल दाबापेक्षा ते सुमारे पंचवीस टक्के अधिक दाबाचे असते. थ्री नॉट थ्रीची रायफल या कसोटीतून गेलेली असते. म्हणजे साडेचार हजारांहून अधिक दाब तिने एकदा सोसलेला असतो. मग ४२०० किलोला काय होणार? हिशेब बरोबर आहे आणि तरीही चूक आहे. परीक्षेत एकदा सोसणे वेगळे आणि हजारो वेळा रोज सोसणे वेगळे. एखादा हमाल पैजेखातर एकदा दोन क्विंटल उचलील, म्हणून मुकादमाने त्याला रोज तेवढेच ओझे द्यावे काय? मधले अंतर हे सुरक्षिततेचे असते. ते खाल्ले की बंदूक लगेच फुटत नाही. ती हळूहळू ताणत जाते, बोल्ट आणि पुंगळी यांच्यात फट वाढते, आणि एके दिवशी पुंगळी बुडाशी फाटून तो वायू मागे येतो.

इशापूरने हा मोह टाळला. सांगाडा आणि बोल्ट यांच्यासाठी ईएन वर्गातील अधिक दर्जाचे पोलाद घेतले. तुर्भ्याच्या कारखान्यांतून काम केलेल्यांना ईएन म्हणजे काय ते सांगायला नको. त्याच्या किमतीवरून भांडारात किती वाद होतात तेही ठाऊक असेल. मात्र नुसते पोलाद चांगले असून भागत नाही, त्याला पाणी बरोबर द्यावे लागते. भट्टीतून किती लाल असताना काढायचे, कशात बुडवायचे, पुन्हा किती तापवायचे, यावर कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ ठरतो. फार कडक झाले तर काचेसारखे तडकते, फार मऊ राहिले तर ताणून लांबते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त फिटर आहेत. ते म्हणत, "अहो, नकाशावर सगळे असते, पण भट्टीवरचा माणूस आजारी पडला की त्या दिवसाचा माल आम्ही बाजूला ठेवत असू."

आणखी एक काम फिटरच्या हाताचे होते. थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीला बुडाशी कडा असते, ती कडा नळीच्या तोंडाला टेकते आणि काडतूस जागेवर बसते. ७.६२ च्या पुंगळीला तशी बाहेर आलेली कडा नाही. ती आपल्या खांद्यावर टेकते. म्हणजे कोठी, बोल्टचे डोके, पुंगळी ओढून काढणारा आकडा आणि गोळ्यांची पेटी, सारेच पुन्हा जुळवणे आले. हवालदारांनी दाखवलेली ती चौकोनी पेटी यातूनच आली. तिच्यात बारा गोळ्या मावतात, जुनीत दहा. १९६५च्या सुमारास मागच्या दुर्बिणीपट्टीवरचा कमाल आकडा दोन हजारांवरून आठशेवर आणला आणि तिचे नाव '२ए१' झाले. उघड्या डोळ्याने कोणी दोन हजारांवर नेम धरत नाही, हे कबूल करायला साठ वर्षे लागली!

आतापर्यंत बंगालचे झाले. आता आपल्याकडे येऊ, कारण काडतुसाशिवाय बंदूक म्हणजे लाकडाचा सोटा, आणि काडतूस महाराष्ट्राचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याची 'के.एफ.' ही अक्षरे थ्री नॉट थ्रीच्या असंख्य पुंगळ्यांच्या बुडावर आहेत. १९६२च्या युद्धानंतर जळगाव जिल्ह्यात वरणगावला नवा कारखाना उभा राहिला तो लहान हत्यारांच्या काडतुसांसाठीच, ७.६२ ची काडतुसे हे त्याचे मुख्य काम झाले. भंडाऱ्याचा दारूचा कारखानाही त्याच सुमाराचा. आणि आपल्याच जिल्ह्यातील अंबरनाथ, जिथे तांब्या-पितळेचे काम चालते. पितळेच्या जाड पट्टीतून चकती कापायची, तिची वाटी करायची, ती वाटी खेचत खेचत लांब पुंगळी करायची, मधूनमधून मऊ करण्यासाठी तापवायची, आणि बूड तेवढे कडक ठेवायचे. पुंगळीचे तोंड मऊ आणि बूड कडक का? गोळी सुटते तेव्हा तोंडाकडचे पितळ फुगून कोठीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की आकसून सुटते. बूड मात्र फुगता कामा नये. एका बोटाएवढ्या पितळात कारागिराने दोन स्वभाव घातलेले असतात. ४२०० किलोचा दाब माणसाच्या डोळ्यापासून दूर ठेवणारी पहिली भिंत ती, पोलाद नंतर.

श्रोतेहो, आम्ही या विषयात का गुंतलो ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका रसायन कारखान्यात एक जुने पात्र होते. त्याचे नाव सांगणार नाही, सांगण्याचे कारणही नाही. मालकाने नवा माल काढायचे ठरवले. नव्या प्रक्रियेला दाब अधिक लागणार होता. पात्र तेच, झडप बदलली, मापक बदलला, वर नवा रंग दिला. आम्ही विचारले, पाण्याच्या दाबाची चाचणी केव्हा झाली? उत्तर मिळाले, पात्र भक्कम आहे, वीस वर्षे काही झालेले नाही. "वीस वर्षे काही झाले नाही" हे वाक्य आम्ही त्यानंतर पुष्कळ ठिकाणी ऐकले. चार महिन्यांनी झाकणाखालची गॅसकेट गेली. समोर असलेल्या दोघांपैकी एकाचे तोंड आणि छाती भाजली. तो वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. चौकशी झाली, पात्र बदलले. आम्ही त्या वेळी भाषणे पुष्कळ केली. पण आमच्या मनात एक बोच राहिली की, आम्ही विचारले आणि उत्तर ऐकून गप्प बसलो. कागद मागायला हवा होता.

२ए१ रायफलीचे उत्पादन सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. तोवर सैन्याला आपोआप भरणारी रायफल पुरेशी मिळाली होती, आणि ही राखीव बंदूक हळूहळू पोलिसांकडे गेली. साहेबाचा नियम येथेही नकळत चालू राहिला : मागच्या पिढीचे शस्त्र खालच्या माणसाला. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, आपली हार्बर गाडी जिथून सुटते त्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, दोघा हल्लेखोरांच्या हातांत स्वयंचलित रायफली होत्या आणि समोरच्या रेल्वे पोलिसांकडे जुन्या बोल्ट-रायफली नि लाठ्या. पन्नासहून अधिक माणसे तिथे मारली गेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी रिकाम्या हातांनी धरली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी. म्हणजे १८८८ सालचे काडतूस एकशे बत्तीस वर्षे कोणाच्या तरी पट्ट्यात होते.

आणि कारखाने? १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून एक्केचाळीस कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगाव एका कंपनीत, अंबरनाथ दुसरीत, इशापूरची रायफल तिसरीत. कामगारांनी २०१९ साली संप करून पाहिला होता. २०२१ साली संपावर बंदी घालणारा कायदाच आला. जी पट्टी, पुंगळी आणि रायफल एका छताखाली घडत होती, त्यांचे हिशेब आता तीन ठिकाणी आहेत. यात काय सुधारले नि काय बिघडले यावर आमचे मत आपणांस ठाऊक आहे; ते वेगळे व्याख्यान होईल.

हवालदारांच्या बंदुकीकडे पुन्हा येतो. टाळेबंदी उठण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आपण होऊन तिच्या मनगटावरची, म्हणजे दस्त्याजवळच्या पोलादी पट्ट्यावरची अक्षरे दाखवली : आर.एफ.आय., २ए१, आणि खाली १९६७. बाजूला कसोटीचा बारीक शिक्का. "माझ्याहून लहान आहे," ते म्हणाले, "पण माझ्याआधी निवृत्त होईल असे वाटत नाही."

त्या रसायन कारखान्यात आता नवे पात्र आहे. त्याच्या अंगावर पितळेची एक पाटी ठोकलेली आहे. तिच्यावर मंजूर दाब, चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. आमचा तिथला सभासद दर पावसाळ्यापूर्वी त्या पाटीचा फोटो काढून आम्हांला पाठवतो. यंदाचा आला. तारीख याच वर्षाची होती.